अकराव्या मिनिटाचा लाल दिवा

"पास!" हेन्ना म्हणाली आणि कागदावर शिक्का मारून मोकळी झाली.

तौनो जागचा हलला नाही. त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्याची बावीस वर्षांची क्वॉड, चार जाडजूड चाकांची आणि हँडलची, आजवर एकाही पासिंगला पहिल्या फेरीत पास झाली नव्हती. कधी हॉर्न रुसायचा, कधी आरसा गळायचा, एकदा तर सीटखाली उंदरांचं भरलं घर निघालं होतं. तपासणी केंद्रातला जुना तपासनीस दोष शोधून द्यायचा, तौनो तो दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या फेरीला गाडी पास व्हायची. आता तो तपासनीस निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी ही पंचविशीतली हेन्ना आली होती.

"पास म्हणजे... सगळं?"

"सगळं. ब्रेक, दिवे, हॉर्न, चाकं. नऊ मिनिटांत उरकलं. काका, गाडी म्हातारी आहे, पण खणखणीत आहे."

खरं तर तौनोने उड्या मारायला हव्या होत्या. उद्या शनिवारी मुसाची, म्हणजे घोड्याएवढ्या थोराड रानहरणाची, शिकार सुरू होणार होती. पडलेला मूस दलदलीतून ओढून गावच्या सोलणघरापर्यंत न्यायचा मान गेली एकोणीस वर्षं तौनोकडे होता. गावच्या शिकारी मंडळाचा नियम साधा होता. ज्याने दलदलीतून मूस ओढला त्यानेच तो सोलणघराच्या दारात उतरवायचा, मध्ये हात बदलायचा नाही, आणि मानाचा वाटा म्हणून मुसाची जीभ त्याची. यंदा मंडळातल्याच पेन्ट्टीने कोरी करकरीत क्वॉड घेतली होती. "तौनोची पास झाली नाही तर मी आहेच की," असं तो आठवडाभर गावात सांगत फिरत होता.

तौनो फाटकापर्यंत गेला. इंजीन चालूच होतं. त्याने ब्रेक दाबला आणि मान वळवून मागे पाहिलं. मागचा लाल दिवा लागला नव्हता. घड्याळात पाहिलं, तर अकरावं मिनिट.

वसंतापासून हेच चाललं होतं. गाडी तापली की अकराव्या मिनिटाला ब्रेकचा दिवा जायचा आणि गार झाली की परत यायचा. तौनोने तीनदा सगळ्या तारा सोडून बांधल्या, पण कारण काही हाती लागलं नाही. म्हणून त्याने दहाची वेळ घेतली होती. दहाला नापास, बारापर्यंत दुरुस्ती, दोनला पास. असा सगळा बेत होता, आणि या पोरीने तो उधळून लावला.

तेवढ्यात बायकोचा, आउनेचा फोन आला.

"काय रे, झाली का पास?"

"झाली. पण ती नापास आहे."

"शिक्का कसला मारलाय?"

"पासचा."

"मग घरी ये की!"

"चुकीचा आहे गं तो. मागून लाकडाचे ट्रक येतात. त्यांना कळायला नको, मी थांबतोय ते?"

"लग्नात तू पाद्रीबाबांना भर चर्चमध्ये थांबवून तारीख दुरुस्त करायला लावलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं," म्हणून आउनेने फोन ठेवला.

तौनो माघारी गेला. "पोरी, तू नऊ मिनिटं बघितलंस. बिघाड अकराव्या मिनिटाला येतो."

हेन्नाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. कुणी स्वतःच्या गाडीची चुगली करायला आलेलं तिने पाहिलं नव्हतं. पण मुद्दा बिनतोड होता. तिने खिशातून स्टॉपवॉच काढलं.

अकरा मिनिटं झाली. दिवा लख्ख. पंधरा झाली. लख्ख.

"जाईल, जाईल," तौनो म्हणाला. "लाजतोय."

त्यांनी गाडी गार करून पुन्हा तापवली. आधी तौनो बसला, मग हेन्ना, मग दोघं. वाळूची पोती लादली. मागे व्हॅन घेऊन आलेला एक सुतार तासभर वाट पाहून कंटाळला, कॉफीचा थर्मास घेऊन खाली उतरला आणि सल्ले देऊ लागला.

"अहो, तिच्याकडे बघू नका. बघितलं की नीट वागते. आमची सासू अशीच आहे."

"निरीक्षणाचा तारेवर परिणाम होत नाही," हेन्ना म्हणाली. तरी पुढच्या फेरीला तिने तोंड फिरवलं आणि दिव्यावर नजर ठेवायला सुताराला बसवलं. दिवा लख्खच. सुताराने शिव्या घालून पाहिल्या, तौनोने टायरला लाथ घालून पाहिली. प्रत्येक चाचणीत गाडी निर्दोष ठरली. तौनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारला दहा कमी असताना हेन्नाने स्टॉपवॉच बंद केलं आणि शटर ओढायला वळली.

"गेला!" तौनो आनंदाने किंचाळला.

हेन्ना धावत आली. दिवा गेला होता. खाली वाकून तिने ब्रेकपाशी बोट लावलं. "हा स्विच! तापला की आतला पत्रा वाकतो." तिने कागदावरचा 'पास' खोडला आणि ठळक अक्षरात 'नापास' लिहिलं. मग तिघांनी एकमेकांचे हात हातात घेऊन जोरजोरात हलवले.

"आता नवा स्विच बसवू," तौनो म्हणाला.

"तो मंगळवारी येईल."

सुताराने उरलेली कॉफी न विचारता तौनोला दिली.

"जंगलात खुशाल चालवा," हेन्ना हळूच म्हणाली. "फक्त रस्त्यावर इंजीन चालू करायचं नाही."

"रस्त्यावरून चारशे मीटरच जायचंय," तौनो म्हणाला. "पण सोलणघर त्याच्या पलीकडे आहे." त्या दिवशी सुताराने क्वॉड व्हॅनमध्ये घालून त्याला घरी सोडलं.

शनिवारी दुपारी दलदलीत तीनशे किलोचा मूस पडला. तौनोच्या क्वॉडने तो चिखलातून, मुळांवरून, ओढ्यातून ओढत डांबरी रस्त्याच्या कडेला आणला. तिथे तौनोने इंजीन बंद केलं आणि हाताची घडी घातली.

"दे इकडे," पेन्ट्टी आपल्या कोऱ्या क्वॉडवरून म्हणाला. "पुढचं मी नेतो."

"हात बदलायचा नाही," मंडळातला सगळ्यात म्हातारा म्हणाला. "नियम आहे."

तौनोने हेन्नाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. "माणसांनी ओढलेल्या क्वॉडबद्दल नियमांच्या पुस्तकात काही नाही," ती म्हणाली. "पण मागे ब्रेकचा दिवा हवा."

मग आठ शिकाऱ्यांनी दोर खांद्यावर घेतला. तौनो हँडल धरून ताठ बसला, मागे घसरगाडीवर मूस, आणि त्याच्या मागे, माणसाच्या चालीने, कोऱ्या क्वॉडवर पेन्ट्टी. दर पन्नास पावलांवर दम खायला मंडळी थांबत. तौनो हात वर करी.

"पेन्ट्टी, ब्रेक!"

आणि पेन्ट्टी मुकाट्याने ब्रेक दाबून लाल दिवा लावी.