लोटनचा वाटा

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत माझ्याइतकं इंग्रजी दुसऱ्या कुठल्या चक्कीवाल्याला येत नाही. गल्लीत चक्की एकच आहे, आणि माझं इंग्रजी दोन शब्दांचं. इज आणि आर.

दोन्ही नथू सरांनी शिकवले. सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. दळण टाकलं की चक्कीच्या तोंडाशी उभे, नजर माझ्या हातावर. म्हणायचे, "गहू आणि तुझा हात, हे दोन. दोन म्हणजे आर. वेगळेच राहू देत."

"मग इज कधी, सर?"

"वरण आणि बट्टी. नावं दोन, पण जेवण एक. तिथं इज."

मला शाळेनं तिसरीतच हाकललेलं, पण वरण-बट्टी लगेच कळली.

स्कूटरवरून नवरा-बायको गेले तरी सर डोळे बारीक करून विचारणार, "हे इज का आर?" मी बायकोला घेऊन गेलो तेव्हा नाही विचारलं. आमचं भांडण गल्लीभर ऐकू येत होतं.

मधेच सर रस्त्याकडे बघायचे. रिक्षा थांबली की मान वळलीच. मला वाटायचं, माझी पीठचोरी पकडायला साक्षीदार शोधतायत. मग मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो.

श्रावणात कानबाई आली, आमच्या खान्देशात घरोघरी बसणारी देवी. चक्की धुतली, रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळीच्या, गव्हाची रांग लागली. घरात जितके पुरुष तितक्यांचा सव्वा-सव्वा मूठ गहू, आणि रोट खायचा फक्त भाऊबंदांनी. सरांच्या घरात पुरुष म्हणजे एकटे सर. डबा उघडला तर गहू दुप्पट. म्हटलं, सापडला चोर.

"सर, दुसरा कोण लपवलाय घरात?" मी रांगेला ऐकू जाईल असं विचारलं.

रांग हसली. सर नाही हसले.

"लोटनचा वाटा आहे," ते म्हणाले. लोटन त्यांचा धाकटा भाऊ, शिंदखेड्याला असतो. शेताच्या वाटणीपासून बोलणं बंद. "चूल वेगळी झाली, कानबाई नाही झाली. दरवर्षी दळतो."

"येतात का ते?"

"तिकडची गाडी उशिरा येते."

"मग त्यांचा रोट खातं कोण?"

"मीच. बाहेरच्याला कसा देणार?"

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. सरांची मान वळली. केळ्यांची पाटी घेऊन एक बाई उतरली. सरांनी मान परत आणली.

मला काय बोलावं सुचेना, आणि सुचलं नाही की मी बोलतोच. "सर, तुम्ही आणि लोटनभाऊ... इज का आर?"

सर डब्याचं झाकण बाहीनं पुसत राहिले.

माझं तोंड चालू आणि दळण थांबलेलं बघून मागून रांगेतली अक्का म्हणाली, "तू दयन दय रे. तुनापेक्षा चक्कीनं तोंड बरं शे."