मथुराबाईंच्या उत्तरास दरबाराने वाहवा केली त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस दंडवत आणि ऐकणारांच्या धीरास मुजरा करून लिहितो ते ऐसे जे, शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. नाव क्रोधी, परंतु वर्ष मोठे सुखाचे गेले, आंबा अमाप आला आणि राज्यात कोणी कोणावर फारसे रागावले नाही. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिल्यास शेजारची राज्ये हे आमचेच म्हणून भांडत येतील. त्या राज्याचे महाराज कलावंतांचे मोठे चाहते, आणि प्रजाही तशीच, इतकी की गवई भाजी घ्यावयास निघाला तरी लोक मागे चालत आणि त्याने दोडका घेतला की पडवळ ते घरी जाऊन सांगत. मग महाराजांचे मनात आले जे, ही थोर माणसे एवढी गातात, नाचतात, चितारतात, तर त्यांस जगण्यामरण्याचे काही गूढ ठाऊक असलेच पाहिजे, आणि ते प्रजेस कळले पाहिजे. म्हणून प्रगट पृच्छेची चाल पाडिली आणि पृच्छानवीस ऐसा नवा हुद्दा काढून तो मोरेश्वरपंतांस दिला. पंत गोड आवाजाचे, भल्या मनाचे, आणि प्रश्न विचारताना मान किंचित कलती करीत, त्यावर राज्यातील पुष्कळ बायका लुब्ध होत्या.

पृच्छेची रीत ऐसी. दर पौर्णिमेस सायंकाळी दरबार भरे, दोन खुर्च्या समोरासमोर मांडीत, मध्ये तिवई, तिवईवर जाळीच्या रुमालाने झाकलेला पाण्याचा पेला, ज्यातले पाणी कधी कोणी प्यायले नाही, आणि दोघांच्या तोंडापुढे ध्वनिवर्धक. मग पंत पुसत, जीवन म्हणजे काय, मरणाचे भय वाटते काय, सुख कोठे असते. चित्रकार बोलिले, जीवन म्हणजे कोरा कागद. गवई बोलिले, जीवन म्हणजे दोन सुरांमधली शांतता. कवी बोलिले, जीवन म्हणजे प्रवास, आणि बोलताना त्यांनी डोळे मिटून घेतले. प्रत्येक उत्तरास आधी पंतांनी वाहवा म्हणावे आणि मागून सगळ्या दरबाराने म्हणावे ऐसा शिरस्ता पडला. पुढे पंतांस त्याचा सराव इतका जाहला की, दूध वर येताच हात शेगडीकडे जातो तसे, उत्तराचा शेवट जवळ आला ऐसे वाटताच वाहवा आपोआप तोंडातून निघे. उत्तर काय होते हे ते घरी गेल्यावर आठवीत, आणि कधी आठवे, कधी न आठवे. तथापि सर्व संतुष्ट होते.

माघ पौर्णिमेस मथुराबाईंस पाचारण जाहले. मथुराबाई या राज्याच्या थोर नटी, उभी हयात राण्यांच्या भूमिका केल्या, आणि त्या ऐशा की खऱ्या राणीसाहेब त्यांचे पाहून चालावयास शिकल्या ऐसे लोक म्हणत आणि राणीसाहेबांनी ते कधी नाकारिले नाही. बाईंचे यजमान दिगंबरराव पडद्याआड उभे राहून त्यांस विसरलेली वाक्ये पुरवीत, ते आदल्या साली वारले. तर बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि तिवईवरचे पाणी उचलून सरळ प्यायल्या, आणि दरबारात कुजबुज जाहली. मग पंतांनी पुसिले, "ताई, जीवन म्हणजे काय?" बाई बोलिल्या, "मला काय ठाऊक पंत, मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलणारी बाई." वाहवा जाहली. मग पुसिले, "मरणाचे भय वाटते?" बोलिल्या, "स्टेजवर इतक्यांदा मेले, आता सवय झालीय. पडदा तेवढा वेळेवर पडावा." मोठी वाहवा जाहली. मग पंतांनी, शेवटच्या प्रश्नास करीत तसा, आवाज खाली आणिला आणि पुसिले, "प्रयोग संपतो, रंग उतरतो, टाळ्या थांबतात आणि ताई घरी जातात. तेव्हा मनात काय येते?" बाई बोलिल्या, "जेवायचं काय, हे येतं. मग वाटतं, एकटीसाठी कशाला मांडामांड. हे गेल्यापासून मी ताटच घेतलेलं नाही, पंत. ओट्यापाशी उभ्यानं पातेल्यातनंच खाते. पुष्कळदा तर दिवासुद्धा लावत नाही." आणि पंत बोलिले, "वाहवा!" आणि दरबार बोलिला, "वाहवा!" आणि टाळ्या ऐशा पडिल्या की छतातील पारवे उडाले.

बाईंनी पंतांकडे पाहिले, मग दरबाराकडे पाहिले, "बरं," ऐसे म्हटले, आणि उठून नमस्कार करून चालत्या जाहल्या. जाणेही किती सुरेख, ऐसे म्हणून लोकांनी त्यावरही टाळ्या दिल्या. मग दोन दिवसांनी बातमी आली जे, मथुराबाई राज्य सोडून दर्यापार भाचीकडे कायमच्या जातात, सामान बांधले, राण्यांचे शालू नाटक मंडळीस परत केले. भाची गुणाची, परंतु तिकडे आपले नाटक नाही, आपली भाषा नाही, आणि बाईंस नाटकाखेरीज दुसरे काही येत नव्हते. सबब जाणे म्हणजे सगळेच संपणे, हे त्यांसही कळत होते. महाराजांनी पंतांस बोलाविले आणि पुसिले, "बाई का जातात?" पंत बोलिले, "महाराज, मलाही उमगत नाही. पृच्छा तर फारच रंगली. शेवटचे उत्तर केवळ अप्रतिम होते." महाराज बोलिले, "काय होते?" पंतांनी पुष्कळ आठविले आणि बोलिले, "पातेल्याचे काहीतरी होते, महाराज." मग महाराजांनी शाल आणि श्रीफळ पाठविले, ते बाईंनी दारातूनच फिरविले आणि निरोप दिला जे, शाली ठेवायला आता कपाट उरलं नाही. मग दरबारच्या कलामंडळाने बैठक घेऊन ठरविले की कलावंताचे एकाकीपण याविषयी दुसरी पृच्छा करावी आणि तीस मुख्य पाहुण्या मथुराबाईच असाव्या. ते आमंत्रण घेऊन गेलेला जासूद उत्तर न घेताच परतला, आणि बाईंनी त्यास काय ऐकविले ते त्याने दरबारात सांगितले नाही.

पंत घरी येऊन डोक्यास हात लावून बसले. त्यांची बायको उमाबाई गहू निवडीत होती, ती बोलिली, "अहो, ती बाई म्हणाली दिवा लावत नाही, आणि तुम्ही वाहवा म्हणालात." पंत बोलिले, "मी? छे, काहीतरीच." उमाबाई बोलिली, "तुम्हीच. आधी तुम्ही, मग मीसुद्धा, सगळे म्हणाले म्हणून." तेव्हा पंतांस एकेक शब्द आठवला आणि मोठी लाज वाटली, आणि एवढ्या लोकांदेखत रंगणारा तो गृहस्थ सुपासमोर बसून मुसमुसून रडला. मग डोळे पुसून बोलिला, "माफी मागतो. चांगलं भाषण लिहितो." उमाबाई बोलिली, "भाषण नको. दुपारी जेवायच्या वेळेला जा, आणि तिथं काही विचारू नका." पंत बोलिले, "विचारू नको तर करू काय?" उमाबाई बोलिली, "जेवा."

मग पंत गेले. बाईंच्या घरी भिंती मोकळ्या, मधोमध एक मोठी ट्रंक दोरखंडाने आवळलेली, आणि बाई तीवरच बसलेल्या. बोलिल्या, "या पंत. काय विचारायचं राहिलं?" पंत बोलिले, "काही नाही ताई. चुकलो त्या दिवशी, फार चुकलो. आणि भूक लागलीय." बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि बोलिल्या, "सकाळची आमटी आहे. भात टाकते. पण ताटं ट्रंकेत आहेत, पार तळाशी." पंत बोलिले, "मग पातेल्यातून खाऊ, दोघेही उभ्याने." बाई बोलिल्या, "पाहुण्याला? माझ्या घरी? दोर सोडा तो." मग पंतांनी दोर सोडिला, आणि वरची लुगडी निघाली, आणि मग रजई निघाली, आणि मग देव निघाले ते कोनाड्यात ठेविले, कारण देव जमिनीवर कसे ठेवावे, आणि मग दिगंबररावांची तसबीर निघाली ती तिच्या जुन्या खिळ्यास लाविली, आणि मग फराळाचे डबे, आणि मग तळाशी दोन ताटे. तोवर सगळे घर पुन्हा मांडल्यासारखे जाहले आणि कुकरची शिटी वाजली. मग दोघे पाटावर बसून जेविली. बाई आपणहून बोलू लागल्या, की हे गेल्यावर वाक्य विसरायची भीती फार वाटते, सवयीनं मान पडद्याकडे वळते आणि तिथं कुणीच नसतं. तेव्हा पंतांच्या ओठापर्यंत वाहवा आली होती, त्यांनी घाईने भाताचा मोठा घास तोंडात घातला, आणि तो गिळल्यावर एवढेच बोलिले, "मग?" मग बाई पुष्कळ बोलिल्या. जगण्याचे बोलिल्या, मरणाचे बोलिल्या, एकदा रडल्या, दोनदा खदखदून हसल्या, आणि ताटातील आमटी वाळून गेली. मग ट्रंकेकडे पाहून बोलिल्या, "हे सगळं आता पुन्हा कोण भरणार? जाऊ दे मेलं." आणि भाचीस कळविले जे, येत नाही, तूच सुट्टीत ये.

पुढल्या दरबारी महाराजांनी मोठ्या उत्कंठेने पुसिले, "पंत, बाई जीवनाविषयी काय बोलिल्या?" सगळा दरबार कान देऊन बसला. पंत उठले आणि बोलिले, "महाराज, आमटीत गूळ अंमळ जास्त पडला ऐसे बोलिल्या." महाराज बोलिले, "आणिक?" पंत बोलिले, "आणिक जे बोलिल्या ते जेवताना बोलिल्या, दरबारात सांगावयाचे नाही." दरबार रुसला. महाराजांनी मात्र पंतांस जवळ बोलावून हळूच पुसिले, "आमचेही जेवण हल्ली एकट्याचेच होते. बाईंस आणखी एक माणूस चालेल?" पंत बोलिले, "माणूस चालेल, महाराज. ताटे दोनच आहेत." आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी महाराज आपले ताट काखेत धरून, सोबत एकही हुजऱ्या न घेता, बाजारातून चालत गेले, आणि ते पाहून लोकांस काय म्हणावे ते न कळल्यामुळे कोणी काहीच म्हणाले नाही.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. पृच्छेची चाल अद्याप आहे, परंतु उत्तर संपल्यावर पंत थोडे थांबतात. पुष्कळांस तेवढा वेळ अवघड वाटतो, आणि कवीने परवा त्या वेळात, प्रवासाचा आपणांस खरे तर कंटाळा येतो, ऐसे कबूल केले आणि त्यास फार हलके वाटले. मथुराबाईंचे नवे नाटक चालू आहे. त्या राज्यातच असतात, आणि दुपारी त्यांच्या दारास कडी नसते.