रुख्मिणीची मूठ

चंपाषष्ठीला खुशालरावांच्या अंगणात रोडगे आणि वांग्याची भाजी, हा अमरावतीच्या त्या गल्लीतला जुना रिवाज. लोक येताना घरून दह्याची वाटी आणत. का आणत, हे खुशालरावांनी कधी विचारलं नव्हतं. भाजी रांधणारी त्यांची बायको रुख्मिणी यंदा हयात नव्हती. भाजी आचाऱ्याकडून करून घ्यायची होती, पण चव तिचीच पाहिजे, असं ते सगळ्यांना सांगून बसले होते.

भाजीचं माप शेजारच्या गोदाबाईंना ठाऊक होतं. "पाच किलो वांग्याले दोन मुठी तिखट अन् दीड मूठ मीठ."

लेक दामिनी अकोल्याच्या कॉलेजात गणित शिकवायची. तिनं लॅपटॉप उघडला. "मूठ किती ते आपल्याले माहीत नाही. म्हणून तिले 'म' धरू. पंधरा किलो वांगे, तीन किलो कांदे. सगळ्याची बेरीज केली की भाजी शिजवाले केवढा गंज लागते ते समजते."

पडद्यावर अठरा आले. पुढे टिंब, टिंबामागे शून्यांची रांग, आणि शेवटी अधिक साडेदहा म, म्हणजे तिखट-मिठाच्या मुठी.

"अठराले एवढं शेपूट कावून लागलं?"

"दीडसाठी मी पॉइंट टाकला ना, बाबा. मंग त्यानं सारेच आकडे पॉइंटवाले करून घेतले."

"त्याले कोणं सांगतलं?"

"सांगा नाही लागत. आपोआप करते. पॉइंटवाला आला की साधा आकडाही पॉइंटवाला. म आला की सारे म-वाल्यायच्या जातीचे."

"म्हणजे मायं पंधरा किलोचं वांगंही?"

"दिसते पंधराच. आतून म-वालं झालं."

"म्या मंडईत उभं राहून तोलून आणलं," खुशालराव म्हणाले. "आतून कसं बदलते?"

म काढण्यासाठी भगवंत आचाऱ्याची मिठाची मूठ वजनकाट्यावर रिकामी केली. एकशेवीस ग्रॅम भरलं. दामिनीनं मच्या जागी एकशेवीस टाकले, आलेला आकडा भांडी भाड्यानं देणाऱ्या कुंदनला पाठवला आणि चहा ठेवायला गेली.

चहा उकळायच्या आत कुंदनचा फोन आला.

"काकाजी, बाराशे अठ्ठ्याहत्तर किलो भाजी करून राहिले का तुमी?"

"कोण म्हणते?"

"ताईचा मेसेज आहे. एवढ्याचा गंज नाही मायाजवळ. हौद बांधा लागन."

खुशालरावांनी फोन ठेवला. दामिनीनं पडद्याकडे पाहिलं आणि ओठ चावला. "वांगे किलोत होते, मूठ ग्रॅममधे टाकली. त्यानं मिळवून टाकले."

"अन् एक सवाल नाही केला?"

"त्याले काय समजते, बाबा. आकडा दिला, आकडा घेतला."

"आगाऊपणा करते तेवढा समजते त्याले. इचारा लागते तिथं गप. तुया मायनं इचारलं असतं."

भगवंत उगाच चूल सारखी करत बसला.

गोदाबाईंनी पदरानं हात पुसले. "भाऊजी, त्या पयलवानाची मूठ कायले मोजता? रुख्मिणीची मूठ घरात आहे ना. बांगडी मुठीवरूनच चढते."

देव्हाऱ्याजवळच्या डब्यात तिच्या हिरव्या बांगड्या होत्या. गोदाबाईंच्या हाताला बांगडी हाडाशीच अडली. दामिनीनं हात आवळून घातला. बांगडी चढली. थोडं खरचटलं, पण चढली.

"रुख्मिणीलेही खरचटत होतं," गोदाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी लॅपटॉप मिटला. "घाल बाई तू. मुठीनंच घाल."

दामिनीनं तिखट घातलं, मीठ घातलं. भगवंतला चमच्याला हात लावू दिला नाही. आचारी आहे म्हणून यंदा कोणीच दही आणलं नव्हतं. पंगत बसली. पहिल्या घासाला गल्लीतले केशवराव थांबले, उठले आणि घरी गेले. त्यांच्यामागे नत्थुजी गेले. मग देवमन. अर्धी पंगत उठली आणि थोड्या वेळानं एकेक वाटी घेऊन परत आली.

भगवंतच्या तोंडचं पाणी पळालं. "काकाजी, बिघडली का भाजी?"

खुशालरावांनी घास घेतला. चांगलीच खारट होती. ते बराच वेळ चावत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "जमली. दामिनी, मलेही दही आण."