स्वेच्छा, दोन प्रतींत

“चहा गार झाला, तरी ह्यांच्या सह्या काही संपेनात,” मनोरमाबाई कपावर बशी उपडी घालत स्वतःशीच पुटपुटल्या. स्वतःशीच म्हणजे शेजारी बसलेल्या सुनेला नीट ऐकू जाईल इतपत.

माणसाला संरक्षण देणे ही सुधारलेल्या राज्यव्यवस्थेची पहिली पायरी होय. ते संरक्षण त्याला सन्मानाने परत करता यावे अशी सोय करणे, ही दुसरी. या दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचलेले देश फार नाहीत. सन २००७ च्या ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी, कार्ल्सरूहेमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, उल्का त्या पायरीवर हातात पेन घेऊन उभी होती. (खरे तर बसली होती. पण पाठ दुखेपर्यंत सह्या केल्यावर दोन्ही सारखेच.)

उल्का त्रेचाळीस वर्षांची. सात वर्षे तिने एकाच कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, आणि इतक्या नेटाने शोधल्या की कंपनीने अखेर तो सगळा विभागच पुण्याला हलवला. म्हणजे उल्का पुण्याहून कार्ल्सरूहेला आली आणि तिचे काम तिच्याआधी घरी गेले. निरोपाच्या केकवर तिचे आडनाव मात्र अगदी बरोबर लिहिले होते, ही गोष्ट ती आजही कौतुकाने सांगते.

पुढचे पाच महिने तिने अर्ज केले. उत्तरे फार सभ्य आली. “आपल्या प्रदीर्घ अनुभवाला न्याय देणारी जागा आमच्याकडे नाही,” असे एकोणीस कंपन्यांनी कळवले. प्रदीर्घ हा शब्द वयाला लावायचा असतो, हे तिला सातव्या पत्रापासून समजू लागले. तिचा नवरा श्रीरंग लुडविग्सहाफेनला केमिस्ट होता, पण त्याचे कंत्राट मार्चपर्यंतच. मार्चनंतर या घरात पगार नावाची वस्तू दिसेल की नाही, हे कोणी बोलत नव्हते. फक्त श्रीरंग हल्ली न सांगता दिवे मालवत हिंडू लागला होता.

तेव्हा उल्काने कंत्राटावर काम करायचे ठरवले.

कंत्राटदार होणे सोपे असते. आधी आपण कंपनी व्हावे लागते. जर्मन कंपनी काढायला पंचवीस हजार युरो भांडवल लागे, ब्रिटिश कंपनी एका पौंडात निघे. त्यामुळे त्या दिवसांत जर्मनीत फरशीवाले आणि केस कापणारेसुद्धा दारावर ‘लिमिटेड’ अशी पाटी लावून बसले होते. उल्कानेही ‘औदुंबर सिस्टिम्स लिमिटेड’ काढली. ब्रिटिश कायद्याप्रमाणे तेव्हा कंपनीला एक सेक्रेटरी लागायचा आणि एकट्या डायरेक्टरला स्वतःचाच सेक्रेटरी होता येत नसे. श्रीरंगला होता आले असते, पण त्याच्या नोकरीत कोणताही जोडधंदा करायला लेखी परवानगी लागे आणि ती यायला सहा आठवडे. घरात उरलेली प्रौढ व्यक्ती एकच: तीन महिन्यांच्या व्हिजावर कराडहून आलेल्या सासूबाई. अशा रीतीने मनोरमाबाई, वय एकाहत्तर, ब्रिटिश कंपनीच्या सेक्रेटरी झाल्या. (व्हिजावर ‘नोकरीस मनाई’ असा शिक्का होता. परंतु सेक्रेटरीने काही काम करावे अशी कोणाचीच अपेक्षा नसल्याने कायद्याचा भंग झाला नाही.)

काम मिळवून देणाऱ्या एजन्सीचे मुख्य ऑफिस लंडनला, शाखा फ्रांकफुर्टला, काम मानहाइमला आणि माणूस महाराष्ट्रातला. यात कायदा कोणाचा लागू, यावर कोणाचेच एकमत नव्हते. म्हणून ज्याचा कागद सर्वांत लांब त्याचा लागू, असे ठरले. सव्वीस पानी पाकीट आले, दोन प्रतींत.

त्यातला नियम असा. एजन्सीमार्फत काम करणाऱ्याला कायदा काही संरक्षणे देतो. त्यांतली दोन उल्काला समजली. जिथे काम केले त्या कंपनीने एजन्सीचे पैसे बुडवले, तरी एजन्सीने कंत्राटदाराला द्यायचेच. आणि काम संपून काही आठवडे गेल्यावर त्या कंपनीने तुम्हाला थेट नोकरीत घेतले, तर एजन्सीने आडवे यायचे नाही. दुसऱ्या वाक्याखाली उल्काने पेन्सिलीने रेघ मारली. सहा महिने नीट काम करावे आणि त्यांनी “राहा आता इथेच” म्हणावे, एवढीच तिची योजना होती. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस याहून मोठी योजना करत नाही.

हे संरक्षण नको असेल, तर तसे लिहून देता येते. त्याला ऑप्ट-आउट म्हणतात. त्याच्या शर्ती पुढीलप्रमाणे:

(क) ऑप्ट-आउट पूर्णपणे ऐच्छिक आहे.

(ख) ते करण्याची सक्ती कोणालाही करता येत नाही. कायद्याने तशी मनाई आहे.

(ग) ते काम देणाऱ्या कंपनीशी ओळख करून देण्यापूर्वीच करावे लागते. म्हणजे, कोणापासूनचे संरक्षण सोडतो आहोत हे कळण्याच्या आधी. (त्यामुळे मनात पूर्वग्रह राहत नाही.)

(घ) ते कंपनी आणि काम करणारी व्यक्ती या दोघांनी करायचे. औदुंबर सिस्टिम्स ही उल्काहून वेगळी व्यक्ती आहे. दोन्ही रकान्यांत एकच हस्ताक्षर आले तर दोघांची स्वेच्छा स्वतंत्रपणे सिद्ध होत नाही, असे एजन्सीचे म्हणणे. सबब कंपनीच्या वतीने सेक्रेटरीने सही करावी.

एजन्सीच्या माहितीपत्रकानुसार शंभरांतले सत्त्याण्णव कंत्राटदार स्वेच्छेने ऑप्ट-आउट करतात. उरलेल्या तिघांची स्वेच्छा अजून यायची होती.

एजन्सीचे हेर लिंडनर (हेर म्हणजे जर्मनमधले श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) हे फार मृदू गृहस्थ. तीन आठवडे ते एक दिवसाआड फोन करत होते. “सही करायलाच हवी का?” असे उल्काने पहिल्या दिवशी विचारले, तेव्हा त्यांना वाईटच वाटले. छे, छे, सर्वस्वी तुमची इच्छा. मग काय झाले तर? काहीच नाही. फक्त, सही केलेल्यांचे कागद लवकर पुढे सरकतात. न केलेल्यांचे? तेही सरकतात. कुठे, ते त्यांनी सांगितले नाही.

हा सूर उल्काच्या ओळखीचा होता. लग्न ठरवताना वरपक्ष म्हणतो, “आमची काही मागणी नाही, तुम्ही तुमच्या हौसेनं काय कराल ते.” त्यानंतर मुलीकडचे लोक हौस कमी पडू नये म्हणून सहा महिने धावत सुटतात. (उल्काच्या लग्नातही हे वाक्य म्हटले गेले होते. कोणी, ते सांगण्याचे इथे कारण नाही; त्या शेजारीच बसल्या होत्या.)

तर शुक्रवार, दुपारचे सव्वाचार. फॅक्स पाचपर्यंत पोहोचायचा होता. उल्काच्या सगळ्या सह्या झाल्या होत्या, ऑप्ट-आउटवरचीसुद्धा. ती करताना ती खिडकीबाहेर बघत होती. श्रीरंगने कागद आणि पेन आईपुढे सरकवले आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवले.

“इथे कर, आई. फक्त नाव.”

“काय लिहिलंय त्यात?”

“काही नाही गं, फॉर्मॅलिटी आहे.”

“काही नाही तर सही कशाला लागते?” मनोरमाबाईंनी नातीकडे पाहिले. “ईप्सू, तू वाच बरं.”

ईप्सिता बारा वर्षांची. मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमधून देते. पण आजीसाठी ती मराठीची खटपट करते, आणि आजीही त्या खटपटीला हसत नाही. तिने कागद वाचला.

“आजी, इथे असं आहे की मी हे फ्राइविलिग करते. म्हणजे... स्वतःच्या मनाने. कोणी मला प्रेशर नाही केलं. आणि मला सगळं समजलं आहे.” मग ती बापाकडे वळली. “पापा, आबर वारुम श्टेट दास दा?” हे तिथे लिहायची गरजच काय, असे तिचे म्हणणे.

“गेनाऊ, बरोबर, तसंच लिहितात,” श्रीरंग म्हणाला. हे उत्तर कोणत्याच प्रश्नाचे नव्हते.

मनोरमाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “हा कागद मी केलाय आधी.”

“आई, हा इंग्रजी आहे. तू कुठला—”

“भाषेचं काय घेऊन बसलास. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता.’ आबा गेले, त्यांचं तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी तलाठ्याच्या ओट्यावर बसून केला. हक्कसोडपत्र.”

त्या हक्कसोडपत्रावर एक अख्खे घराणे प्रेमाने उभे होते. मनोरमाबाईंच्या भावाकडे, म्हणजे वासुदेवमामांकडे, वडिलांचा मळा राहिला, आणि मामांनी तेहेतीस भाऊबिजांना तेहेतीस साड्या दिल्या. (पैकी अकरांचा रंग पहिल्या धुण्यात गेला. तक्रार नोंदवलेली नाही.) मळ्यात आता त्यांचे मंगल कार्यालय आहे आणि बहिणीच्या घरच्यांना तिथे भाड्यात सूट असते. “ताईनं एका शब्दानं विचारलं नाही,” हे मामा प्रत्येक पंगतीत डोळ्यांत पाणी आणून सांगतात, आणि श्रीरंग ते ऐकतच लहानाचा मोठा झाला.

“ते वेगळं, आई,” तो म्हणाला. “ते तू आपणहून दिलंस.”

हक्कसोडपत्र आणि ऑप्ट-आउट यांत खरोखरच फरक आहे. ऑप्ट-आउटमध्ये मुदतीची सूचना देऊन माघार घेता येते.

“आई,” उल्का म्हणाली, “तुम्हाला करायची होती का ती सही?”

हा प्रश्न तेहेतीस वर्षांत प्रथमच विचारला जात होता. तलाठ्याने विचारले होते ते एवढेच, की सही येते की अंगठा.

“नव्हती,” मनोरमाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, हे सांगावे तसे. “मला हवा होता मळा. सगळा नाही. विहिरीकडचा तुकडा.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?” श्रीरंगने विचारले.

“आणि माहेर? ते राहिलं असतं?”

“मामा असं कधी म्हणाला?”

“तो कशाला म्हणेल? वहिनीनं सकाळी शिरा केला होता. सगळे इतकं गोड बोलत होते, की मीच लाजले.”

(ज्या वाचकांच्या घरी बहिणींनी असे कागद खरोखरच आनंदाने केले आहेत, त्यांच्यासाठी हा परिच्छेद नाही, त्यांनी पुढे जावे. बहुतेक सगळे गेलेच असतील.)

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी फोन वाजला. हेर लिंडनर यांना सहज चौकशी करायची होती. फॅक्स अजून दिसला नाही. घाई मुळीच नाही. पण पाचनंतर ऑफिस बंद होते आणि दुसऱ्या एका उमेदवाराने सकाळीच, अगदी आपणहून, पाठवला आहे.

उल्काने फोनचा स्पीकर लावला. श्रीरंगने मान हलवून खूण केली: नको. ती खूण मार्चची होती, ते तिला कळले. मग तिने सात वर्षांत शिकलेले सगळे विनयाचे जर्मन बाजूला ठेवले आणि बाजारातल्यासारखे साधे विचारले, “हेर लिंडनर, मी ही सही केली नाही, तर मला काम मिळेल? हो की नाही?”

“फ्राऊ उल्का, हे पूर्णपणे ऐच्छिक—”

“हो की नाही?”

पलीकडे कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. मग हेर लिंडनर यांचाच, पण दमलेला, तरुण आणि पूर्वी कधी न ऐकलेला आवाज हळूच म्हणाला, “आल्झो... नाइन. दान लाइडर निष्ट.”

श्रीरंगने डोळे मिटले. ईप्सिताने आजीचा हात धरला.

“काय म्हणाला गं तो?” मनोरमाबाईंनी विचारले.

“म्हणाला, सही नाही तर काम नाही,” ईप्सिता म्हणाली.

मनोरमाबाईंनी पेनाला टोपण लावले, गार चहाचा कप पुढे ओढला आणि बशी काढली.

“खरं बोलला बिचारा,” त्या म्हणाल्या. “आमच्या वासूला कधी तेवढं जमलं नाही.”