फळ मोजून, मुलगी अंदाजे

ज्या समाजाला आपल्या वस्तूंचा रंग बिनचूक मोजता येत नाही, त्या समाजाला सुधारलेला म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. या कसोटीवर पांढुर्णा आणि सौंसर ही गावं देशात बरीच वर बसतील, असं वीरेंद्रचं मत होतं. हे मत त्यानं नागपूरला प्रशिक्षण घेऊन बनवलं होतं, त्यामुळे त्याला वजन होतं.

वीरेंद्रचा पांढुर्ण्यात फोटो स्टुडिओ. बारशी, साखरपुडे, फॉर्मला चिकटवायचे चेहरे असं सगळंच तो करायचा, पण स्टुडिओ चालायचा तो स्थळांसाठी काढलेल्या फोटोंवर. नागपूरहून येताना त्यानं मॉनिटरचा रंग मोजायचं यंत्र आणलं. मुठीत मावेल एवढी काळी डबी. ती मॉनिटरच्या काचेवर लटकवायची, मॉनिटर एकामागून एक रंग दाखवतो, आणि खऱ्या रंगात अन् दिसणाऱ्या रंगात किती अंतर आहे, ते डबी आकड्यात सांगते. अंतर दोनच्या आत असलं तर माणसाच्या डोळ्याला कळत नाही. वीरेंद्रच्या मॉनिटरचं अंतर सतरा निघालं. म्हणजे इतकी वर्षं तो अख्ख्या तालुक्याला (आता जिल्ह्याला) सतरानं गोरा करत आला होता, आणि शासनानं त्याची साधी दखलही घेतली नव्हती.

यंत्राचे नियम कडक. मॉनिटर आधी तापू द्यायचा. खिडकीला जाड पडदा लावायचा. मागची भिंत राखाडी करायची. (भिंत राखाडी झाली त्या दिवशी शेजारचे दोन दुकानदार टोप्या काढून आत आले आणि कोण गेलं ते हळू आवाजात विचारू लागले.) एवढं सगळं केल्यावर अंतर दोनच्या आत आलं, आणि वीरेंद्रनं दारावर पाटी लावली: 'येथे खरा रंग मिळेल.' त्यानंतर गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. जे येत होते तेही मॉनिटर बिघडला आहे, असं सांगायलाच येत होते.

या भागात पूर्वी रंग मोजण्याची पद्धतच नव्हती, असं कुणी समजू नये. पद्धत होती आणि ती यंत्रापेक्षा जुनी होती. फोटो दुरुस्त होत असताना मुलीची मावशी खुर्चीच्या मागे उभी राहते आणि 'अजून थोडुसं' म्हणते. मावशी थांबली की रंग बरोबर झाला. (आत्या चालत नाही. आत्या लवकर थांबते.) बायोडाटात रंगाचे तीन दर्जे मान्य आहेत: गोरा, निमगोरा आणि गहूवर्ण. गहूवर्णात उरलेला सगळा जिल्हा येतो. सावळा हा शब्द देवासाठी राखून ठेवलेला असल्यामुळे वीरेंद्रच्या हातून छापलेल्या एकाही बायोडाटात तो जिवंत मुलीच्या वाट्याला आलेला नाही. मुलांच्या बायोडाटात रंगाचा रकाना नसतो. तिथं एकरांचा असतो.

अशा वेळी बोरगावचे पुंडलिकराव यांची मुलगी दामिनी फोटोसाठी आली. दामिनी सौंसरच्या शाळेत गणित शिकवायची. सौंसरच्याच देवीदासजींच्या योगेशचं स्थळ आलं होतं आणि तिला ते मनापासून हवं होतं, कारण लग्नानंतर शाळा सोडावी लागणार नव्हती. फक्त ते आपल्या खऱ्या चेहऱ्यावर जमावं, एवढा तिचा हट्ट होता.

इकडे बगीचेवाल्यांच्या मुलीचा फोटो स्टुडिओत काढत नाहीत, संत्र्याच्या बगीच्यात काढतात. पुढे मुलगी, मागे फळांनी लदलेलं झाड. मुलाकडच्यांना दोन्ही एकदमच पाहता येतात आणि त्यांची एक चक्कर वाचते. वीरेंद्रनं बोरगावला जाऊन तसाच फोटो काढला आणि स्टुडिओत मॉनिटरवर लावला.

"भाऊ, मी जशी हाय तशीच राहू द्या," दामिनी म्हणाली. "उद्या ते लोकं घरी येतीन, तवा मी काय मॉनिटरच्या मांगं बसू?"

"तू चूप राह्य," रामाकोन्याहून खास याच कामासाठी आलेली मनकर्णा मावशी म्हणाली आणि खुर्चीमागे उभी राहिली. "वीरेंद्र, थोडुसं उजेड कर बरं."

"मावशी, हा मोजलेला रंग हाय. दोनच्या आत हाय."

"दोनच्या आत हाय तं बाहेर काढ."

शास्त्राची बाजू मांडून झाली होती. गिऱ्हाईक डोळ्यांदेखत कमी होत होतं, हेही वीरेंद्रला दिसत होतं. त्यानं माउस हातात घेतला. नुसता चेहरा उजळला तर मान आणि कान चुगली करतात, म्हणून त्यानं अख्खा फोटोच उजळला. मावशी थांबली तेव्हा खऱ्या रंगापासूनचं अंतर सोळावर गेलं होतं. पूर्वी वीरेंद्र अंदाजानं खोटं करायचा. आता नेमकं किती खोटं केलं, ते त्याला आकड्यात कळत होतं. यंत्राचा हाच तर फायदा आहे.

फोटो सौंसरला गेला. देवीदासजी हे झाडावरचा माल ठोकात घेणारे संत्र्याचे व्यापारी. घरातल्या बायकांनी फोटो पाहून माना डोलावल्या. देवीदासजींनी चष्मा पुसला आणि मुलीच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"पोरगी बराबर हाय. पण मांगचं झाड पाहा," ते म्हणाले. "पानं पिवयी पडली. फळाले रंग नाही. बगीच्याले रोग लागला अन् हा माणूस पोरगी पुढं उभी करून लपवून राहिला. असल्या घरी सोयरीक नाई करा लागत."

नकार ऐकून बोरगावात जो हाहाकार उडाला, तो समजून घेण्यासारखा आहे. मुलीला नाव ठेवलं असतं तर पुंडलिकरावांनी ते गिळलं असतं. मुलीच्या बापाला त्याची सवय करून घ्यावीच लागते. पण संत्र्याला नाव ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते फळांचं खोकं घेऊन स्टुडिओत शिरले. मागे दामिनी होती आणि मावशीही होतीच.

"माह्या बगीच्यावर आजपावेतो कोनाची बोट ठेवाची हिंमत नाई झाली!" त्यांनी एक संत्रं उचलून मॉनिटरला टेकवलं. "हे पाहा अन् ते पाहा. हे संत्रं हाय का लिंबू? आताच्या आता खरा रंग कर."

वीरेंद्रला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्यानं आपली सगळी कारागिरी पुसून मूळ फोटो समोर आणला. हातातलं संत्रं आणि मॉनिटरवरचं संत्रं यांत तिळाचाही फरक उरला नाही. आणि फोटो एकच असल्यामुळे, संत्र्याबरोबर दामिनीही जशी होती तशी झाली. त्या राखाडी खोलीत क्षणभर सगळंच खरं होतं.

"हे झालं संत्रं!" पुंडलिकरावांचा आवाज भरून आला.

"हाच पाठवा," दामिनी म्हणाली. ती पहिल्यांदाच हसली होती.

"संत्रं झालं," मनकर्णा मावशी म्हणाली. "आता तिले कर."

वीरेंद्रनं पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकराव संत्रं सोलत होते. नाही म्हणायला तोंड होतं, पाटी होती, यंत्रही होतं. तरी वीरेंद्र नाही म्हणाला नाही. त्यानं दामिनीला मान, कान आणि मनगटांसकट झाडापासून कापून वेगळं काढलं. झाड दोनच्या आत ठेवलं आणि मुलगी सोळावर नेली. काम इतकं सफाईदार झालं की एकाच बगीच्यात दोन सूर्य उगवलेत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दामिनी तेवढी बाहेर जाऊन उभी राहिली.

नवा फोटो पाहून देवीदासजी म्हणाले, "आता कसं!" आणि मंडळी बोरगावला आली. रीतीप्रमाणे आधी बगीचा पाहिला. देवीदासजींनी पानं उलटून पाहिली, बुंधे तपासले, फळ दाबून पाहिलं, फोटो काढून झाडाशेजारी धरला. रंग हुबेहूब जुळला. झाडांवर लागलेला अंब्या बहाराचा सगळा माल त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकला. मग पोहे आले आणि पोह्यांमागून दामिनी आली. देवीदासजींनी फोटो पुन्हा बाहेर काढला.

"फोटोत अलग दिसते," ते म्हणाले.

दामिनीनं योगेशकडे पाहिलं. योगेशचाही फोटो वीरेंद्रनंच काढलेला, आणि तोही सतराच्या जमान्यातला.

"तुमीबी," ती म्हणाली.

बैठकीत कुरकुर शेव खाणारी बाईसुद्धा चावायची थांबली. मुलाचा फोटो ताडून पाहायची रीत कुठल्याही गावात नाही. योगेशनं मान खाली घातली ती वर काढली नाही. उठताना देवीदासजींनी पुंडलिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "मालात तुमी इमानदार हा. पोरीच्या बाबतीत मात्र फसवून राहिले." सोयरीक मोडली. सौदा कायम राहिला. पुंडलिकरावांना दुःख झालं, पण बगीच्याचं नाव राहिलं म्हणून ते रात्री जेवले.

दामिनी दुसऱ्या दिवशी एकटीच स्टुडिओत आली. "मोजलेला द्या," एवढंच म्हणाली. वीरेंद्रला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती. त्यानं मूळ फोटो छापून तिला दिला आणि एक मोठी प्रत स्टुडिओच्या काचेत लावली. येणारे जाणारे तिथं थांबतात, कौतुकानं पाहतात. "संत्रं काय झकास आलं!" म्हणतात आणि पुढे जातात. त्या फोटोवरून आजवर एकानंही स्थळाची चौकशी केलेली नाही. दामिनी सौंसरच्या शाळेत गणित शिकवते. दारावरची पाटी मात्र वीरेंद्रनं बदलली: 'फळाचा रंग खरा. मुलीचा आवडीप्रमाणे.' गिऱ्हाईक पूर्ववत झालं आहे.

एक तपासणी राहिली, ती सुज्ञ वाचकांनी करायची आहे. दामिनीचा रंग कोणता, हे इथं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठंही सांगितलेलं नाही. मावशीला तो कमी वाटला आणि देवीदासजींना वेगळा दिसला, एवढीच माहिती उपलब्ध आहे, आणि त्या दोघांचीही पारख आपण पाहिली. तरीही आपण तिला मनात एक रंग कधीच देऊन टाकला आहे. काहींनी दया येईल इतपत दिला असेल, काहींनी नाक-डोळे छान देऊन भरपाईही केली असेल. खुर्चीच्या मागे कोण उभं होतं, ते आपलं आपल्याला ठाऊक. यंत्र वीरेंद्रकडे आहे, बुधवार सोडून रोज मिळेल. अंतर किती निघालं ते कृपया कुणाला कळवू नये.