दारावरचं उणे नऊ

"क्लास कशाला हवा? घरात बाप बसलाय ना!" सुताराने लेकीला ठणकावून सांगितलं. गणिताशी त्याचं शाळेपासून हाडवैर होतं, पण मापं काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि माप म्हणजे गणितच, असं त्याचं ठाम मत होतं.

उदाहरण होतं, सत्तावीसचा उणे दोन छेद तीनावा घात.

त्याने लाकडाचे सत्तावीस ठोकळे रचून चौकोनी ठोकळा केला. "बघ, प्रत्येक बाजूला तीन. म्हणजे घनमूळ तीन. त्याचा वर्ग नऊ. आणि वर उणे आहे, म्हणून उणे नऊ! झालं!"

"बाबा, घातांक उणे असला की संख्या उलटी करतात. एक छेद नऊ येतं."

"उलटी? कपाट उलटं केलं तर सामान खाली पडेल की नाही?"

आता सुताराला कागद लागतो कुठे! समोर जे लाकूड असेल त्यावर तो पेन्सिल चालवायचा. समोर होतं लेकीच्याच शाळेच्या गणिताच्या वर्गासाठी केलेल्या कपाटाचं दार. त्याच्या आतल्या बाजूला त्याने सगळी रीत ठळक अक्षरांत लिहिली, खाली उणे नऊ, त्याखाली दोन रेघा! आणि जेवायला गेला.

पॉलिशचं खातं बायकोकडे. ती आली आणि तिने दारावर चकचकीत दोन हात मारले.

"अगं, आधी पुसायचं नाही का?" जेवून आलेला सुतार ओरडला.

"मला काय ठाऊक! गणिताच्या वर्गाचं कपाट, वाटलं शाळेनेच लिहून मागितलंय!"

लेक रडकुंडीला आली. "बाबा, बाई सगळ्या वर्गासमोर दार उघडतील. तुमचंच अक्षर आहे हे सगळ्यांना कळेल. मी तोंड कुठे लपवू?"

घासायला वेळ नव्हता, टेम्पो दारात उभा होता. वर्गात कपाट ठेवताना सुतार दाराला पाठ लावून उभा राहिला. बाईंनी त्याला गोडीने बाजूला केलं आणि दार उघडलं. वर्गात खसखस पिकली.

"हे कुणी सोडवलं?"

सगळ्या माना लेकीकडे वळल्या. ती लालबुंद झाली होती. तिच्याकडे पाहून सुतार पुढे आला.

"मी," तो म्हणाला. "तिने बरोबर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बाईंनी चष्मा सावरला. "घनमूळ बरोबर, वर्ग बरोबर. उणे चिन्ह चुकलं. तीनपैकी दोन."

"दार बदलून देतो, बाई."

"अजिबात नको! निम्मा वर्ग हीच चूक करतो. राहू दे समोर."

लेक खुदकन हसली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. घरी मात्र तो छाती फुगवूनच शिरला. "तीनपैकी दोन! गणितात! मला!"

पुढे आठवडाभर दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट ऐकावी लागली. उरलेला एक मार्क कुठे गेला, असं कुणी विचारलंच, तर सुताराला नेमका तेव्हाच रंधा मारायचा असायचा.