वीणाचा डबा

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. या दुबई मरीनातल्या बाल्कनीत बसून मी आजवर पुष्कळ थापा मारल्या. ही गोष्ट मात्र शंभर नंबरी खरी. शर्वाणी, तू गालातल्या गालात हसू नकोस. तुला यातलं काहीच ठाऊक नाही असं धरून चाल, आणि ती भजी जरा इकडे सरकव.

तर रुपेश. शारजात जन्मला, शारजात वाढला, दुबईत एका मोठ्या कंपनीत गेम बनवायला लागला. गेम कसले, तर बारा वर्षांच्या पोरांनी एकमेकांना बंदुकीने उडवायचे. एक दिवस त्याच्या मनात आलं, जगातले सगळे गेम पोरांसाठी. मोठ्या माणसांनी काय करायचं? पोरांचे चार्जर शोधत बसायचं? झालं, राजीनामा दिला आणि स्वतःचा स्टुडिओ काढला. नाव ‘मुरांबा गेम्स’. खाली ओळ, ‘फक्त मुरलेल्यांसाठी’. चाळिशीच्या आतल्याला प्रवेश नाही. त्यात बंदुका नव्हत्या, आणि तुम्ही आत्ता ज्या कारणाने कान टवकारलेत, तेही नव्हतं.

जन्मतारीख विचारण्यात अर्थ नव्हता. बायका वय कमी सांगतात, पोरं जास्त. म्हणून दारातच गेम विचारायचा, ‘ट्रंककॉल झटकन लागायला हवा, तर ऑपरेटरला काय सांगाल?’ ज्याला ‘लाइटनिंग’ हा शब्द आठवला, तो आत. खुद्द रुपेशला हे उत्तर वडिलांना विचारावं लागलं होतं.

वडील म्हणजे जगन्नाथराव. शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये त्यांचं पोहे, मसाले, पापडांचं गोदाम. काय माणूस सांगू! ताडमाड उंची, भारदस्त आवाज, पासष्टी उलटली तरी केस असे दाट की कंगवा आत गेला तर...

हां, शर्वाणीला ठसका लागला. पाणी द्या तिला.

तर या जगन्नाथरावांनी गोदामाच्या माळ्यावरची खोली पोराला दिली. पण त्या खोलीवर त्यांचा डोळा होता, पोह्यांच्या पोत्यांसाठी. म्हणाले, “हे बघ, पाडव्यापर्यंत एका माणसाने, फक्त एका माणसाने, तुझा गेम शेवटपर्यंत खेळून दाखवला तर खोली तुझी. नाहीतर माझे पोहे वर चढणार.”

“एक माणूस?” रुपेश हसला. “बाबा, पाडव्यापर्यंत हजार माणसं संपवतील.”

आणि गेम होताच तसा झकास. नायक अरुण, विधुर, रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात हिशेबनीस. नायिका वीणा, शारजात डबे पुरवणारी, एकटीच राहणारी. त्यांची ओळख व्हायची, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. पहिले तीन भाग फुकट. चौथ्या भागात अरुण लग्नाचं विचारणार, तो भाग तीस दिरहमला. म्हणजे सातशे रुपये. एवढ्यात हल्ली लग्नाला आहेरसुद्धा होत नाही.

रुपेशचा जोडीदार संग्राम, कोल्हापूरचा. कोड लिहायचा आणि कमी बोलायचा. गेम बाजारात आला त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “चाललं तर बरं.”

चाललं? धावलं! अबुधाबीपासून फुजैरापर्यंत झाडून सगळ्या मावश्या, काकू, आत्या आणि त्यांचे चोरून खेळणारे नवरे त्या गेमला चिकटले. कुणाची आमटी करपली, कुणाची बस चुकली. अजमानमध्ये एका आजोबांनी दात काढायच्या खुर्चीत बसून खेळ चालू ठेवला आणि दाढ निघाल्याचं त्यांना घरी गेल्यावर कळलं.

आता खोडा कुठे बसला ते ऐका. दुसऱ्या भागात वीणा अरुणला स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू देते. अरुण डबा स्वच्छ घासून, पुसून, रिकामा परत करतो. बस्स. तासाभरात रुपेशचा फोन वाजला.

“मी विद्युल्लता कारखानीस बोलतेय.”

रुपेश खुर्चीतून उठून उभा राहिला. या बाई त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्यांचा आवाज ऐकला की शारजातली निम्मी मराठी माणसं शर्ट खोचायला लागतात.

“रुपेश, अरुणने डबा रिकामा परत केला.”

“हो मॅम. धुऊन केला.”

“धुऊन! तुझी आई आज नाही, पण तिने हेच वळण लावलं होतं का तुला? शेजारणीचा डबा आमच्या घरातून कधी रिकामा गेला नाही. काही नसेल तर साखर घालतात चिमूटभर. वीणाला काय वाटलं असेल?”

“मॅम, वीणा खरी नाहीये.”

एवढं बोलून रुपेशने आपसूक शर्ट खोचला. “सॉरी मॅम,” तो म्हणाला. “आजच बदलतो.”

संग्रामने एक नियम घातला. डबा रिकामा परत जाणार नाही. मग अरुण डब्यातून चिवडा द्यायला लागला. वीणाच्या घरी भरला डबा आला. आता तीही मराठीच. ती कसा रिकामा ठेवील? तिने करंज्या घातल्या. अरुणने सुकामेवा. वीणाने अळूवड्या.

“रुपेश,” संग्राम म्हणाला, “हे थांबणार नाही. डबा एका घरी मुक्कामाला राहिला तरच तिसरा भाग संपतो. दोघंही भरून पाठवणार, तर तो राहणार कधी?”

“कंटाळतील रे माणसं.”

“मराठी? डब्याला?”

कुणी कंटाळलं नाही. उलट मागण्या आल्या. अनारसे का नाहीत? उपासाच्या दिवशी अरुणला शेव कशी पाठवता? रास अल खैमाच्या रस्त्यावर डबा कलंडतो, त्याला सीटबेल्ट लावा. आणि रुपेशला मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नसे. मुळात ज्याला काका-मावशांना नाही म्हणता येत नाही, त्याने काका-मावशांसाठी धंदा काढू नये. पण हे त्याला सांगणार कोण? संग्राम मान खाली घालून अनारशाला जाळी पाडत बसला. डबा सीटबेल्ट लावून वाळवंटातून ये-जा करत राहिला. चौथ्या भागापर्यंत एकही माणूस पोचला नाही, आणि चौथा भाग एकदाही विकला गेला नाही.

तेवढ्यात खरे डबे यायला लागले. प्रेमच होतं लोकांचं. ‘पोरं राबतात, उपाशी असतील’ म्हणून कुणी थालीपीठं धाडली, कुणी पुरणपोळ्या. आता तेही डबे रिकामे कसे परत करायचे? स्टुडिओत तर कॉम्प्युटर सोडून काही नाही. पण खाली गोदाम होतं. रुपेशने वडिलांचे पोहे भरून डबे परत केले. ते पोहे चिवडा होऊन परत आले. पुन्हा पोहे गेले, दडपे होऊन आले. जगन्नाथरावांच्या पोत्यांची थप्पी इतकी खाली उतरली की मागच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर दिसायला लागलं, आणि त्या वर्षीची दिवाळी कधी होती ते सगळ्यांना कळलं.

पाडवा आठवड्यावर आला. रुपेशची झोप उडाली. शेवटी त्याने मन घट्ट केलं. “संग्राम, टाक नवा नियम. तीन फेऱ्या झाल्या की वीणा डबा रिकामा देईल. खलास.”

“मॅमना सांगितलंस?”

“नाही.”

“मग मी रजेवर जातो,” संग्राम म्हणाला. पण नियम त्याने टाकला.

दुसऱ्या दिवशी हमरियाच्या फाटकावर एक मिनीबस येऊन थांबली. आत एकजात गजरे आणि गॉगल. पहारेकऱ्याने पास मागितला. पास कुणाकडेच नव्हता.

“मॅडम, किस काम से जाना है?”

विद्युल्लताबाई खिडकीतून म्हणाल्या, “एक अच्छी लड़की का घर बसते-बसते टूट रहा है, भैया. यल्ला, जल्दी, फाटक खोलो.”

बिचाऱ्याने डोळे पुसत फाटक उघडलं.

माळ्यावर रुपेशला घेराव पडला. “आमची वीणा असं करणारच नाही,” एक काकू म्हणाल्या. “रिकामा डबा म्हणजे संबंध संपले. झाला ना अरुण नाराज? माझ्या फोनातला तर रडतोय कालपासून.”

“काकू, पण गेम संपायला नको का?”

“कशाला संपायला हवा?”

रुपेशने खाली मान घातली आणि खरं ते सांगून टाकलं. वडिलांची अट, पाडवा, पोहे. विद्युल्लताबाईंनी चष्मा काढून पुसला.

“हे आधी का नाही बोललास? आम्ही संपवतो. आत्ता संपवतो. कर तो नियम रद्द. आम्ही मनाने डबा थांबवू.”

सगळ्या फोन काढून बसल्या. कुणी डोळे मिटले, कुणी देवाचं नाव घेतलं. पण वीणाच्या ओट्यावर तो रिकामा डबा दिसला की हात आपोआप लाडवांकडे जायचा. विद्युल्लताबाईंचासुद्धा गेला. “नाही रे जमत,” त्या म्हणाल्या, आणि शाळेतल्या त्या वाघिणीने फोन पालथा ठेवला. रुपेशनेच मग त्यांना पाणी दिलं. त्याला कळून चुकलं होतं. इतकं प्रेम त्याच्या आधीच्या कंपनीला करोडो पोरांकडून मिळालं नव्हतं, आणि याच प्रेमाने स्टुडिओ बुडत होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जगन्नाथराव! ‘माझे पोहे कुठे आहेत’ अशी गर्जना करत वर आले, तर समोर ही सभा.

“एवढ्याशा डब्यासाठी?” ते म्हणाले. “द्या इकडे. मी संपवतो. धंदा केलाय मी, असल्या भानगडीत मन गुंतवत नाही.”

विद्युल्लताबाई शांतपणे बाजूच्या खुर्चीवर सरकल्या. “बसा. दाखवते कसं खेळतात.”

रुपेशने आपली खुर्ची जवळ ओढली. हाच तो एक माणूस. वडिलांनीच गेम संपवला, तर त्यांच्याच अटीने खोली त्याची. जगन्नाथराव खेळत गेले. लाडू आले. चिवडा गेला. शेवटी डबा अरुणच्या ओट्यावर आला, घासलेला, चकचकीत. अख्खी खोली त्यांच्या बोटाकडे बघत होती.

आणि मंडळी, काय तो निश्चय! जगन्नाथरावांनी डोळ्याची पापणी न हलवता बटण दाबलं आणि डबा रिकामाच फडताळात ठेवून दिला. तिसरा भाग संपला. चौथा उघडला. अरुणने विचारलं, वीणा हो म्हणाली, बायका ढसाढसा रडल्या. पण गेम संपला म्हटल्यावर चाहत्यांना करायला काही उरलं नाही, आणि स्टुडिओ बंद पडला. रुपेश पुन्हा नोकरीला लागला. माळ्यावर पोहे चढले. जगन्नाथराव त्या बाईंकडे वळूनही न बघता जिना उतरले, आणि तो डब्यांचा खेळ कायमचा...

“बाबा,” शर्वाणी म्हणाली.

काय गं? मधे बोलू नये.

“स्टुडिओ बुडाला आणि रुपेश नोकरीला लागला, एवढं खरं. पण तुम्ही अजून तिसऱ्याच भागात आहात. खोलीची किल्ली पाडव्याला तुम्हीच रुपेशला परत दिलीत, दर रविवारी तिथे मिनीबस येते, आणि पोहे पॅसेजमध्ये ठेवलेत. आणि आज सकाळी तुमच्या गाडीत मागच्या सीटवर सीटबेल्ट लावलेला जो डबा होता ना, तो विद्युल्लता मॅमचाच होता. गरम होता, बाबा. हात लावून बघितला मी.”